अल्टरनेटर बसवला तो रविवार

आमची गाडी ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आणि ढकलायला आख्खी चाळ लागायची. डोंबिवलीत पूर्वेला आमची बारा खोल्यांची बैठी चाळ होती. पुढे मातीचं अंगण, त्याच्या एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला रस्त्याकडे जाणारा उतार. त्या उताराच्या तोंडाशी भाई गाडी लावून ठेवायचे. भाई म्हणजे माझे वडील. आम्ही कोकणातले, आमच्या घरात वडिलांना भाईच म्हणायचे. सकाळी ते सेल्फ मारायचे, गाडी दोनदा घरघरायची आणि गप्प बसायची. मग भाई खिडकीतून हात बाहेर काढून नुसता हलवायचे. हाक मारावी लागायची नाही. कोणी दात घासत यायचं, कोणी टॉवेलवर यायचं, आणि शेजारच्या गोदूमावशी भाकरीचं पीठ मळता मळता तशाच उठून यायच्या. त्यांचे दोन पांढरे पंजे काळ्या डिकीवर उमटायचे आणि भाई त्या पंजांसकट कुणाकुणाच्या लग्नाला जाऊन यायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "घरच्यांनी पाठीवर हात ठेवून पाठवलंय."

ती गाडी हेच आमचं पोट. तीन मालक बघून आमच्याकडे आलेली, दारं आपटून बंद करावी लागायची, मागच्या सीटची स्प्रिंग ठरावीक जागी टोचायची. पण ठाण्याच्या इस्पितळात पेशंट न्यायचा असो, नवरीला सासरी पोचवायचं असो की अंगारकीला कुणाला टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं असो, आसपासच्या चार चाळींत लोक भाईंचंच नाव घ्यायचे. आता मी त्याच टिटवाळ्याला राहते, सहाव्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये गाड्यांची रांग असते आणि सकाळी त्या कधी निघून जातात ते कळतसुद्धा नाही, आवाजच नाही. नात म्हणते, आजी, आता नुसतं बटण दाबायचं असतं. मी तिला म्हटलं, अगं, मग ढकलायला आलेल्या माणसांशी दोन शब्द बोलायचे ते कधी. ती हसली. तिला काय सांगणार.

आमच्या गाडीचं दुखणं होतं डायनॅमो. इंजिन फिरतं तसा पट्ट्यावर तोही फिरतो आणि वीज करतो, ती वीज बॅटरीत जाते, आणि त्या बॅटरीवर सकाळी सेल्फ लागतो. आमचा डायनॅमो म्हातारा झाला होता. भाई दर पंधरा दिवसांनी तो खाली उतरवायचे, ओट्यावर गोणपाट टाकून उघडायचे, रॉकेलने धुवायचे, काळा कीस झटकायचे आणि परत चढवायचे. हे सगळं मी बघत मोठी झाले. बघत म्हणजे काय, हाताखालीच असायची. खालचा बोल्ट अशा अडचणीच्या जागी होता की भाईंचा पंजा तिथे जायचा नाही, माझा जायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरीच्या हाताला रॉकेलचा वास येतो, कोण करेल तिला." भाई म्हणायचे, "पेट्रोलपंपवाला करेल." आईच्या हातात तेव्हा बहुतेक कुळीथ नाहीतर सुकट असायची. सकाळी कुळथाची पिठी आणि भात, संध्याकाळी भाकरी आणि सुकट, आणि वारा कारखान्यांकडून आला की या सगळ्यावर सडक्या अंड्यासारखा एक वास. पाहुणे नाकाला पदर लावायचे. आम्हाला तो वास आलेला कळायचाच नाही. मागच्या नाल्याचं पाणी एक दिवस गुलाबी, एक दिवस हिरवं. आम्ही पोरं शाळेत जाताना आज कुठला रंग यावर पैजा लावायचो.

भाईंची एक परीक्षा होती, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डायनॅमो बसवून झाला की ते गाडी चालू करायचे, पाय दाबून इंजिन जोरात ठेवायचे आणि मला म्हणायचे, "काढ गो." की मी बॅटरीच्या टोकावरची वायर पान्याने सैल करून उचलायची. बॅटरी सुटली, तरी गाडी चालूच राहिली, म्हणजे डायनॅमो स्वतः वीज करतोय, पास. गाडी बंद पडली, तर नापास, परत उतरवा. सगळे जुने ड्रायव्हर तेव्हा असंच करायचे. भाई दुसऱ्यांच्या गाड्याही अशा तपासून द्यायचे. वायर हातात धरून गाडी चालू ठेवली की बघणाऱ्यांना फार अप्रूप वाटायचं, आणि भाई मिशीतल्या मिशीत हसायचे. लिहिणं-वाचणं त्यांना जेमतेम, मराठीत सही येण्यापुरतं. पण ती वायर हातात असली की ते मास्तर असायचे.

मी नववीत होते तेव्हाची ही गोष्ट. चाळीच्या शेवटच्या खोलीत प्रधानकाका राहायचे. मूळचे कल्याणचे, शिकलेले, शुद्ध बोलणारे, रंगाच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. त्यांनी भाईंसाठी एक काम आणलं. त्यांचे मोठे साहेब ठाण्याजवळ बाळकुमला राहायचे. तिकडे तेव्हा शेतं आणि अधूनमधून एखादा बंगला, एवढंच. साहेबांना रोज पहाटे तिथून उचलायचं, कारखान्यात आणायचं, संध्याकाळी परत सोडायचं. रोजचं काम, महिन्याचं बांधलेलं. आमच्या घरात महिन्याचं बांधलेलं असं काही कधी नव्हतंच. भाई साहेबांना भेटून आले. साहेबांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जुनी आहे, चालेल. पण मी ढकलणार नाही. आणि माझ्या दारात दुसऱ्या कोणी ढकललेलीही मला चालणार नाही. पुढच्या सोमवारपासून या."

घरी येऊन भाई ओट्यावर बसले. मग आईला म्हणाले, "डायनॅमो काढूनच टाकायला हवा. आता अल्टरनेटर म्हणून निघालाय, नवीन गाड्यांना तोच असतो. हळू चालवली तरी बॅटरी भरते म्हणतात." आईची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिने उठून डब्यातून रुमालाची पुरचुंडी काढून आणली. शनिवारी भाई ठाण्याला जाऊन अल्टरनेटर घेऊन आले. नवाकोरा, चकचकीत, खोक्यात, वर मेणकागद. चाळीतली माणसं बाळ बघायला यावं तशी येऊन बघून गेली. गोदूमावशी म्हणाल्या, "एवढंसंच आहे की." भाई म्हणाले, "मावशी, आता तुम्ही निवांत भाकऱ्या थापायच्या."

खोक्यात एक कागद होता, इंग्रजीत. भाईंनी तो माझ्याकडे दिला. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं आणि मला ते बरं यायचं. कसं कोण जाणे, पण यायचं. कुठली वायर कुठे लावायची त्याचं चित्र होतं, खाली बारीक अक्षरात मजकूर. शनिवारी दिवेलागणीपर्यंत मी शाळेची डिक्शनरी घेऊन बसले आणि वहीच्या मधल्या पानावर सगळं मराठीत उतरवलं. शेवटी एका चौकटीत वेगळ्या सूचना होत्या. त्यातली दुसरी अशी, की इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये, अल्टरनेटरचे नुकसान होऊ शकते. एक शब्द अडला, तो डिक्शनरीत पाहिला. मी तेही उतरवलं. मनात म्हटलं, हे भाईंना उद्या सांगायला हवं. असं म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. दुसरं काही विसरले असेन, हे नाही.

रविवारी सकाळी आंबोळ्या झाल्या आणि आम्ही कामाला लागलो. बॅटरी आदल्या दिवशीच चार्ज करून आणलेली. प्रधानकाका आपली खुर्ची बाहेर काढून पेपर घेऊन बसले होते. काम त्यांच्यामुळे आलेलं, तेव्हा त्यांचा तो हक्कच होता. डायनॅमो उतरवला. अल्टरनेटर बसवायला घेतला तर जुन्या जागेत तो नीट बसेना, मध्ये दोन बोटं फट राहात होती. भाईंनी नळाच्या पाइपाचा तुकडा करवतीने कापला, कानशीने घासला आणि तो मध्ये घालून बोल्ट आरपार नेला. खालून नट मी धरला. पट्टा चढवला, ताणला, भाईंनी अंगठ्याने दाबून बघितला. "हां," म्हणाले. त्या एका 'हां'साठी मी वर्षभर रॉकेलात हात घातले असते.

मग वायरी. आमच्या गाडीत डायनॅमोसाठी एक काळा डबा होता, कटआऊट म्हणायचे. भाई सवयीने जाड वायर त्या डब्याकडेच न्यायला लागले. मी म्हटलं, "भाई, तो डबा आता लागत नाय. कागदात लिहिलंय, काढून टाकायचा."

"डबा नाय तर करंट अडवणार कोण?"

"त्याच्या आतच असतं म्हणे ते. चित्र बघा ना."

भाई चित्राकडे बघत राहिले. मी वहीतलं वाचून दाखवलं, हातातल्या पेन्सिलीने रेघ दाखवली, आणि मला वाटतं माझा आवाज जरा शाळेतल्या बाईंसारखा झाला असणार. खुर्चीतून प्रधानकाका हसले. मनाने वाईट नव्हते ते, हे आजही सांगेन. पण म्हणाले, "वा. म्हणजे आता लेक गुरू आणि तुम्ही शिष्य. साहेबांना सांगतो, ड्रायव्हर बाप आणि इंजिनियर मुलगी." दोघं-तिघं जमलेले तेही हसले. भाईंनी हात पुसले आणि विहिरीच्या पलीकडे जाऊन बिडी पेटवली.

मी पाणी प्यायला आत गेले तर आई पाट्यावर वाटण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "चार माणसांत बापाला शिकवू नको, नलू. त्याच्याकडे तेवढंच एक आहे." मी म्हटलं, "पण चुकत होते ते." आई म्हणाली, "चुकू दे." आणि वरवंटा परत ओढला. तो आवाज, दगडावर दगडाचा, ओल्या खोबऱ्यातून जाणारा, तो मला अजून कधी कधी ऐकू येतो, कुकरच्या शिट्टीतसुद्धा.

भाई परत आले आणि त्यांनी माझ्या चित्राप्रमाणेच वायरी जोडल्या. डबा काढून बाजूला ठेवला. मला हाक मारली नाही, पण मी गेले. सगळं जुळल्यावर ते सीटवर बसले आणि सेल्फ मारला. गाडी एका दमात चालू झाली. समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा असायचा. बॅटरीत वीज जात नसली की तो लागून राहायचा. आमच्या गाडीत तो बहुतेक वेळ लागलेलाच असायचा, मी लहानपणी त्याला गाडीचं कुंकू म्हणायची. तो विझला. भाईंनी पाय जरा दाबला, सोडला, परत दाबला. विझलेलाच. ते खिडकीतून बाहेर बघून हसले, असं तोंडभर हसलेले मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलेत. सगळी चाळ बाहेर आली. गोदूमावशींनी गुळाचा खडा आणला आणि बॉनेटवर ठेवला, आणि इंजिनच्या थरथरीने तो घरंगळत खाली पडला तर सगळे खिदळले. प्रधानकाकाही पेपर ठेवून उठले. म्हणाले, "मानलं बुवा."

इथे थांबायला हवं होतं. मी ही जागा मनात कितीदा लिहिली असेल. प्रत्येक वेळी इथेच गाडी बंद करते, बॉनेट लावते, सगळ्यांना जेवायला घरी पाठवते.

भाईंनी समोरचे दोन्ही दिवे लावले, पाय दाबून इंजिन चढवलं आणि हाक मारली, "नलू, पाना घे. काढ गो." सगळ्यांसमोर. मघाशी झालं होतं त्यावर त्यांची ती भरपाई होती, मला कळलं ते. मास्तर परत मास्तर झाले होते आणि त्यांनी मलाच हाताशी बोलावलं होतं.

मी म्हटलं, "भाई, राहू दे ना टेस्ट."

"टेस्ट नको? मग पास-नापास कळायचं कसं?"

प्रधानकाका म्हणाले, "का हो, गुरूंचं म्हणणं काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारात आई उभी होती, वाटणाचे हात पुढे धरून. मी तिच्याकडे बघितलं. वही माझ्या काखेत होती. वहीत लिहिलेलं मला पाठ होतं. आणि मी काय केलं सांगू? मी मनाशी धरलं, की कागदात 'नुकसान होऊ शकते' असं आहे. होऊ शकते म्हणजे नाहीही होणार. भाईंनी हे शंभरदा केलंय माझ्या डोळ्यांदेखत. कागद लिहिणाऱ्याने आमची गाडी बघितली होती का. चौदा वर्षांची पोर किती भराभर वकिली करू शकते, ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काय नाय," आणि पाना लावला.

वायर उचलली मात्र, समोरचे दिवे पांढरेफेक पेटले. भर दुपारच्या उन्हात डोळे दिपले इतके. कोणीतरी "वा" म्हणाल्याचंही आठवतं. मग एक दिवा टक् करून गेला, लगेच दुसरा. इंजिनने एक गचका खाल्ला आणि बंद पडलं. जळक्या लाखेचा वास आला. अंगण एकदम इतकं शांत झालं की विहिरीवरच्या रहाटाची दोरी पाण्यात ठिबकत होती ते ऐकू आलं. माझ्या हातात ती वायर होती.

भाई उतरले. माझ्या हातातून वायर घेतली, परत जागेवर बसवली, नट आवळला. सेल्फ मारला. बॅटरी भरलेली होती, गाडी चालू झाली. पण लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. भाईंनी पाय दाबला, परत दाबला. मग चावी फिरवून बंद केली आणि म्हणाले, "माल खराब दिला साल्याने." बाकीचे हळूहळू आपापल्या घरी गेले. दुपारी मी न्हाणीघरात बंबाखाली लाकडं सारताना वहीतलं ते मधलं पान फाडून आत टाकलं. आई मागे उभी होती. "काय जाळतेस?" मी म्हटलं, "रफ पान आहे." आईने आत बघितलं, आणि मग बादली उचलून गेली.

सोमवारी भाई गेले. दिवे नवीन घातले, भरलेली बॅटरी होती, तिच्यावर गेले. संध्याकाळी बॅटरी उतरवून गोणपाटात बांधून चार्जिंगच्या दुकानात, पहाटे परत गाडीत. म्हातारी बॅटरी होती ती, तिला किती जीव असणार. काळोखात दिवे लावून बाळकुमपर्यंत जायचं म्हणजे ती पिळून निघायची. सोमवार निघाला, मंगळवार निघाला. दोन्ही संध्याकाळी भाई आले तेव्हा आई दारातच बसलेली, आणि दोघं एकमेकांकडे बघून नुसती मान हलवायची. बुधवारी साहेबांना उशीर झाला. भाईंनी पेट्रोल वाचवायला गाडी बंद केली, आणि दिवे मात्र विसरून चालूच राहिले. साहेब येऊन मागे बसले. भाईंनी सेल्फ मारला. दोनदा घरघर, आणि गप्प.

भाई खाली उतरून एकटेच ढकलायला लागले. एका हाताने स्टिअरिंग धरून, खांदा दाराच्या चौकटीला लावून, साहेब आत बसलेले असताना. हे मला प्रधानकाकांनी खूप वर्षांनी सांगितलं, त्यांना साहेबांनी सांगितलेलं. साहेब शांतपणे उतरले, बंगल्यात परत गेले, आणि फोन करून दुसरी गाडी मागवली. रागावले नाहीत. भाईंना म्हणाले, "तुम्हाला आधी सांगितलं होतं." बस, एवढंच.

त्याच शनिवारी भाईंनी अल्टरनेटर खाली उतरवला, पिशवीत घातला आणि मला म्हणाले, "चल." ठाण्याला बाजारातलं ते दुकान, अरुंद आणि खोल, भिंतीवर पट्टे लटकलेले. पिशवीचा एक बंद त्यांनी धरला होता, एक मी. दुकानदार तरुण होता. त्याने अल्टरनेटर मांडीवर घेतला, मागचं झाकण उघडलं, दोन तारा आणि एक छोटा बल्ब लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, आतलं सगळं उडालंय. चालू गाडीत बॅटरी काढली होती का?"

"काढली. मग? टेस्ट नको करायला?"

"अहो काका, डायनॅमो नाय हा. याला ती टेस्ट चालत नाय. बॅटरी सुटली की याची वीज यालाच जाळते. कागद होता ना खोक्यात? साफ लिहिलंय त्यात."

मी भाईंच्या शेजारी उभी होते, शाळेच्याच फ्रॉकवर, दोन वेण्या. दुकानदाराने माझ्याकडे सहज बघितलं. भाईंनी बघितलं नाही. ते काउंटरवरच्या त्या उघड्या अल्टरनेटरकडे बघत होते. मग म्हणाले, "कागद इंग्रजीत होता हो. आमच्या घरात वाचणारं कोणी नाय."

दुकानदार म्हणाला, "मग कोणाला तरी विचारायचं ना, काका." भाई म्हणाले, "हो. चुकलंच ते." एवढं बोलून त्यांनी झाकण लावलं, अल्टरनेटर पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस घेऊन दिला, स्वतः घेतला नाही. मी प्यायले. सगळा ग्लास प्यायले, कारण तो खाली ठेवला असता तर बोलावं लागलं असतं. मी आज म्हातारी झाले तरी मला ठाऊक नाही, की त्यांना वाटत होतं मला तो कागद कळलाच नाही आणि परक्यासमोर ते माझं झाकत होते, की त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते मला घरातून काढून टाकत होते. घरी येईपर्यंत पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात आणि एक माझ्या.

त्यानंतर त्यांनी मला काही वाचायला दिलं नाही. लाइटचं बिल आलं तर प्रधानकाकांकडे घेऊन जायचे, गावाहून पत्र आलं तर तेही. मी समोर बसलेली असायची. जुना डायनॅमो भाईंनी परत चढवला नाही. गाडी उतारावर उभी राहिली, टायर बसले, मग कोणीतरी भंगारात घेऊन गेलं. ती नेताना चाळीतल्या लोकांनीच ढकलून रस्त्यापर्यंत दिली. भाई प्रधानकाकांच्या ओळखीने त्याच रंगाच्या कारखान्यात लागले, पोती उचलायला. पहाटे डबा घेऊन चालत जायचे. संध्याकाळी यायचे तेव्हा हात निळे, नखं निळी, आणि खोकला आला तर रुमालातही निळं. आई साबण, राख, लिंबू सगळं लावून बघायची. "जाऊ दे," म्हणायचे, "उद्या परत होणारच." नाल्याच्या रंगावर पैजा लावणं मी सोडून दिलं होतं. कुठला रंग, ते घरातच कळायचं. हातात पाना घेतलेले भाई मला परत दिसले नाहीत. कोणी आपल्या गाडीचं दुखणं घेऊन आलं तर सांगायचे, "आता नवीन यंत्रं आली. मला त्यातलं कळत नाय."

मला त्यांना सांगायचं होतं. रोज ठरवायची. ते जेवायला बसले की सांगू, पाय चेपताना सांगू. भाई, मी वाचलं होतं, मला समजलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. पण सांगितलं तर काय होणार होतं ते मला दिसायचं. आता निदान ते म्हणू शकत होते, की घरात कोणाला वाचता आलं नाही, नशीब. सांगितल्यावर त्यांच्याकडे तेही राहिलं नसतं. त्यांना मग मी नाहीतर आई नाहीतर ती स्वतःची परीक्षा, यातलं कोणीतरी एक दोषी धरावं लागलं असतं, आणि मला ठाऊक होतं, ते स्वतःलाच धरतील.

वार्षिक परीक्षेचा इंग्रजीचा पेपर मला येत होता. पहिल्या पानावरचा उतारा तर मी आधी दोनदा वाचलेला. मी नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि उत्तरांच्या जागी प्रश्नच उतरवून काढले. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, शेवटची घंटा होईपर्यंत. बाई जाता-येता बघून जायच्या, त्यांना वाटलं मुलगी भरभरून लिहितेय. त्यावर माझी शाळा संपली. परत नाव घालू का असं कोणी विचारलं नाही, मीही म्हटलं नाही. त्यापुढचं जे काही लिहिते-वाचते ते लग्न झाल्यावर, पुड्या बांधून आलेल्या कागदांवर आणि मुलांच्या पुस्तकांवर शिकलेलं आहे. तेव्हा कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

प्रगतिपुस्तक मी भाईंपुढे ठेवलं तेव्हा ते नुकतेच आले होते, हात धुऊन, तरी निळे. इंग्रजीखाली लाल रेघ होती. तेवढं त्यांना कळायचं. बराच वेळ ते त्या रेघेकडे बघत राहिले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला. कपाळावरच्या आठ्या अशा एकेक करून सुटाव्यात तसा. आईला म्हणाले, "बघ. मी तुला सांगत नव्हतो? पोरीला कुठून कळणार होता तो कागद."

म्हणजे ती दोघं त्यावर बोलली होती. किती वेळा, कोण जाणे. आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. भाई मात्र बघत होते, दुकानात बघितलं नव्हतं ते आता बघत होते, थांबून.

मी म्हटलं, "कठीण होता तो, भाई."

"असणारच," म्हणाले, आणि पेन मागून घेऊन सही केली.